अनुभव धागा: वाचनाच्या गृहपाठानं तुमच्या घरी काय केलं?

कृष्णाकाठ, सांगली: 2019च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी गल्लीत शिरलं, तेव्हा माझी सात वर्षांची लेक कपडे सोडून 'पुस्तकांची पिशवी माळ्यावर टाका' म्हणून रडत होती. आता ती आठवीत आहे. शाळेनं वाचन नोंदवही दिलीय: पुस्तकाचं नाव, पानं, आवडलेलं पात्र, मिळालेला बोध, पालकांची सही. हल्ली पुस्तक हातात घेतलं की आधी शेवटचा पान क्रमांक बघते. परवा भुताच्या गोष्टीखाली बोध लिहिला होता, 'रात्री उशिरा बाहेर जाऊ नये.' मी मुकाट्यानं सही केली. तुमचे अनुभव लिहा.

मिरजकर: आम्ही अकरा पुस्तकांखाली 'नेहमी खरे बोलावे' लिहिलं होतं. अकराही वेळा लाल पेनानं 'छान'!

अजिंक्यताऱ्याखालून: सातवीत एका कादंबरीतल्या कुत्र्याच्या मरणावर मी पांघरुणात तोंड खुपसून रडलो होतो. पुढं नववीच्या पुस्तकात तोच उतारा धडा म्हणून आला. मला कोण आनंद! चाचणीत प्रश्न आला, 'असे कोण कोणास म्हणाले?' मी धन्याचं वाक्य शेजाऱ्याच्या तोंडी घातलं. दोनपैकी शून्य. वर सरांचा शेरा, 'धडा नीट वाचावा.' ती कादंबरी अजून कपाटात आहे, पण मी पुन्हा उघडलेली नाही. वय आता सेहेचाळीस. हसा खुशाल.

जत तालुका, झेडपी शिक्षक: ताई, आमचीही बाजू ऐका. 15 ऑक्टोबरला कलामसाहेबांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन असतो. मुलं पुस्तक धरून बसतात, फोटो वर पाठवायचा. गेल्या खेपेला फोटोत एकाचं पुस्तक उलटं होतं. म्हणून शनिवारी शेवटच्या तासाला मीच मोठ्यानं वाचतो, ऐन रंगात थांबतो आणि पुस्तक टेबलावर ठेवून निघून जातो. एकदा सोमवारी त्याचं कव्हर फाटलेलं सापडलं, दोघांत ओढाताण झालेली. साठा नोंदवहीत ते 'खराब' रकान्यात गेलं. त्याला दुसरा रकानाच नाही.

माणदेशी: मी उलटं सांगतो. आमच्या घरात कालनिर्णय सोडलं तर छापील काही नव्हतं. सुट्टीत पाच पुस्तकं वाचून आणायची सक्ती झाली, म्हणून वाचनालयाची पायरी चढलो. आईला सही येत नव्हती, तिनं पाच वेळा अंगठा उठवला. त्यामुळं गृहपाठाला सरसकट शिव्या घालू नका.

वाईकर: पोराला भिलारला नेलं होतं. 4 मे 2017पासून ते पुस्तकांचं गाव आहे, लोकांच्या घराघरांत पुस्तकं मांडलेली. दारातच त्यानं विचारलं, "इथं लिहून द्यायचं का काय?" नाही म्हटल्यावर ओसरीवर जो बसला, तो दोन तास हलला नाही. आमची स्ट्रॉबेरी राहिली.

कृष्णाकाठ, सांगली: काल रात्री लेकीच्या खोलीत उशिरापर्यंत दिवा होता. काय वाचतेस विचारलं, तर पुस्तक उशीखाली सरकवलं. म्हणाली, "सांगणार नाही. मग तू वहीत लिहायला लावशील."