जुनी डिझेल पिकअप चढणीला ओढत नाही, धूरही नाही. टर्बो खरंच गेलाय का?

मंडपवाला_भांडुप

नमस्कार मंडळी. मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे, गोडाऊन भांडुप पश्चिमेला. गाडी 2009 ची पिकअप, बीएस-3, अडीच लिटरचं टर्बो इंजिन (सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम हवेवर पंखा फिरतो आणि जास्त हवा इंजिनात दाबतो), नोझलना डिझेल वाटणारा रोटरी पंप. इंजिनाला सेन्सर-बिन्सर काही नाही, त्यामुळे स्कॅनर लावायचा प्रश्नच येत नाही.

लोखंडी पाइप आणि फळ्या भरल्या की टेंभीपाड्याची चढण पूर्वी दुसऱ्या गिअरवर आरामात चढायची. आता पहिला टाकावा लागतो आणि मागचे रिक्षावाले हॉर्न मारून जीव नकोसा करतात. घोडबंदरला गायमुखच्या घाटात तिसऱ्यात मान टाकते. रिकामी असली तर हायवेला 60 पर्यंत जाते, पुढे नुसती कुंथते. न्यूट्रलला रेस केली की आवाज पूर्ण देते. सकाळी सेल्फ थोडा जास्त खाते, पण सुरू होते. धूर काळा नाही, पांढरा नाही, काहीच नाही.

एअर फिल्टर, डिझेल फिल्टर दोन्ही नवे टाकले, फरक शून्य. गॅरेजवाला म्हणतो टर्बो गेला, 22 हजार होतील. गणपती तोंडावर आलेत, मंडळांचे फोन सुरू झालेत. खर्च करायला ना नाही, पण टर्बो बदलूनही गाडी अशीच राहिली तर काय करू?

बंदरवाला_दादा

इंजिनाकडे जाण्याआधी गाडी मोकळी फिरते का बघा. पावसात पाण्यातून काढलेल्या गाडीचे मागचे ब्रेकचे ड्रम धरतात. थोडं चालवून उतरा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा तापलेलं लागलं तर चोर तिथेच आहे. क्लच बघायचा तर सपाट जागी हॅण्डब्रेक ओढा, चौथा टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट ठीक. चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. हे करताना गाडीपुढे माणूस नको.

फुल्ल_रेस

एवढा विचार कशाला? पंपाच्या मागे डिझेलचा स्क्रू असतो, अर्धा आटा आत घ्या. आमची पण अशीच होती, आता उडते.

पंपवाला_कुर्ला

मंडपवाले भाऊ, माझं पंप आणि नोझलचंच (इंजिनात डिझेल फवारतात ते) काम आहे. पंप खाली उतरले की माझं घर चालतं, तरी सांगतो, पंप सगळ्यात शेवटी खोलायचा. आणि त्या स्क्रूला तर हातच लावू नका. उडते ती गाडी धूर पण उडवते. बीएस-4 च्या आधीच्या डिझेल गाडीला पीयूसीत धुराची मर्यादा 65 एचएसयू (धूर किती दाट ते मोजायचं माप) आहे. स्क्रू फिरवलेली गाडी तिथे काळा ढग सोडून नापास होते, आणि पास झालीच तरी घाटात जास्तीचं डिझेल पिस्टनचा माथा जाळतं. मुळात तुमच्या गाडीने महिन्याभरापूर्वी हाच लोड ह्याच स्क्रूवर ओढला. स्क्रू आपोआप फिरत नसतो.

बंदरवाल्या दादांनी सांगितलेलं आधी करा, त्याला पैसे लागत नाहीत.

मग धूर. डिझेल येतंय आणि हवा कमी पडतेय, तर काळा धूर येणारच. तुमच्याकडे तो नाही, म्हणजे इंजिनाला डिझेलच कमी मिळतंय. पण इथे एक मेख आहे. टर्बोच्या रोटरी पंपाच्या डोक्यावर बहुतेक वेळा पत्र्याच्या झाकणाची गोल डबी असते, आत रबरी पडदा. मॅनिफोल्डवरून, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपावरून, एक बारीक रबरी नळी तिथे येते. टर्बोची हवा पडद्याला दाबते तेव्हाच पंप लोडचं डिझेल सोडतो. म्हणजे टर्बो मेला तर पंप डिझेल वाढवतच नाही आणि धूरही दिसत नाही. नळी चिरली किंवा पडदा फाटला तरी लक्षण हेच. उलटंही होतं बरं का. डिझेल कमी जळलं की सायलेन्सरकडे जाणारी गरम हवा कमी, मग धडधाकट टर्बोसुद्धा कमी फिरतो. गॅरेजवाल्याने नुसती शिट्टी कमी ऐकून टर्बो गेला म्हटलं असेल तर तो अंदाज आहे, तपासणी नाही.

टर्बो हातानेच बघता येतो. इंजिन बंद आणि थंड असताना एअर फिल्टरकडून येणारा होज काढा, पंखा बोटाने फिरवा. मोकळा फिरला पाहिजे. शाफ्ट बाजूला किंचित हलला तर चालतो, आत-बाहेर हलता कामा नये, पाती घराला घासता कामा नयेत. होजमध्ये तेल गळून साचलं नसेल आणि हे सगळं ठीक असेल तर 22 हजार खिशात ठेवा. इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करतो तो) पाइपही हात फिरवून बघा, क्लिपखाली चीर लपलेली असते.

डिझेलच्या लाइनसाठी माझी आवडती युक्ती. पाच लिटरचा स्वच्छ कॅन डिझेलने भरून इंजिनापेक्षा जरा वर घट्ट बांधा, सायलेन्सरपासून लांब. त्यातून पारदर्शक नळी थेट पंपाला द्या आणि रिकाम्या रस्त्यावर छोटी चक्कर मारा. ताकद आली तर दोष टाकीपासून पंपापर्यंत कुठेतरी आहे. टाकीतली जाळी, झाकणाचं हवेचं भोक, चेपलेला पाइप, काहीही असेल. नळीत बुडबुडे दिसले तर हवा पकडतेय.

आता मला दोन गोष्टी सांगा. सकाळच्या पहिल्या चढणीलाच मरगळ असते की गाडी थोडी चालल्यावर येते? चालल्यावर आली आणि थांबल्यावर सुधारली तर टाकीकडे बघायचं. दुसरं, ताकद हळूहळू गेली की एका दिवसात? एका दिवसात गेली असेल तर त्याच्या आधी गाडीला कोणी हात लावला होता?

मंडपवाला_भांडुप

काका, खूप आभार. चाकं गार आहेत, क्लच सोडल्यावर इंजिन लगेच बंद पडलं. टर्बोचा पंखा मोकळा आहे, बाजूला अगदी थोडा हलतो, आत-बाहेर नाही. मरगळ सकाळपासूनच असते.

आणि हो, एका दिवसातच झालं. पंपाच्या इथून डिझेल ठिबकत होतं म्हणून कांजूरमार्गला रस्त्यावरच्या मिस्त्रीकडून पंपाचे दोन्ही पाइप सोडवून तांब्याचे वायसर बदलून घेतले. ठिबकणं थांबलं. मी त्याचा आणि ह्याचा संबंध लावलाच नव्हता, कारण त्याने पंप उघडलाच नाही.

पंपवाला_कुर्ला

वाटलंच. कॅनची भानगड करू नका, आधी हे बघा.

त्या दोन पाइपांना भोकाचे बोल्ट आहेत, बॅन्जो म्हणतात ते. बाहेरून जुळे भाऊ. टाकीकडून डिझेल आत येतं त्या बोल्टाला मोठी भोकं असतात. परत टाकीकडे जाणाऱ्या बोल्टाला एकच सुईसारखं बारीक भोक असतं आणि बहुतेकदा डोक्यावर इंग्रजीत ‘आउट’ ठोकलेलं असतं. ते बारीक भोक मुद्दाम दिलेलं आहे. त्याच्यामुळे पंपाच्या पोटात प्रेशर टिकतं आणि इंजिनाचा वेग वाढला की टायमिंग पुढे सरकतं, म्हणजे डिझेल जरा आधी फवारलं जातं. अदलाबदल झाली की पंप काडीने चहा प्यायल्यासारखा डिझेल ओढतो, आणि मिळालेलं प्रेशर मागच्या मोठ्या भोकातून निघून जातं. रेस केली की आवाज मिळतो, लोडला जीव नाही. अशी पिकअप माझ्याकडे टोचन करून आणतात आणि मालकाला कोणीतरी पंप कॅलिब्रेट करायला सांगितलेला असतो.

टाकीकडून डिझेल आत येतं तिथला बोल्ट काढून उजेडात धरा. ‘आउट’ लिहिलेलं किंवा बारीक भोक दिसलं तर दोन्ही बोल्टांची अदलाबदल करा. वायसर नवेच टाका, दाबलेले परत लावले की ठिबकतात. नंतर डिझेल फिल्टरवरचा हॅण्डपंप कडक होईपर्यंत मारून हवा काढा. तरी सुरू होत नसेल तर नोझलच्या पाइपांचे नट थोडे ढिले करून सेल्फ मारा, फेस जाऊन नुसतं डिझेल आलं की आवळा. तिथे उघडा हात नेऊ नका, प्रेशरचं डिझेल कातडीत घुसतं. फडकं धरा, चष्मा लावा.

मंडपवाला_भांडुप

काका, पाया पडतो तुमच्या! डिझेल आत येतं त्या बोल्टावर चक्क ‘आउट’. भोक एवढं बारीक की टाचणी जाईना. जागा बदलल्या, नवे वायसर टाकले, हवा काढायला थोडा वेळ गेला. टेंभीपाड्याला पाइप भरून दुसऱ्यावर चढली. सकाळचा सेल्फही सुधारला.

गायमुखला मात्र भरलेली असताना अजून पूर्वीसारखी मजा नाही. डबीची नळी बघितली. मॅनिफोल्डच्या टोकाला रबर कडक झालंय आणि दुमडलं की बारीक चीर दिसते. पंपाकडच्या टोकाने तोंडाने फुंकलं तर डबी हवा धरते, म्हणजे पडदा ठीक ना? इथे कोपऱ्यावर माशांच्या टाकीची प्लास्टिकची नळी मिळते, तात्पुरती चालेल का?

पंपवाला_कुर्ला

हवा धरते म्हणजे पडदा ठीक. बरं झालं तोंडाने फुंकलंत. लोक पंक्चरवाल्याची हवा मारतात आणि चांगला पडदा फोडून बसतात.

माशांची नळी नको. इंजिनाच्या उष्णतेने मऊ पडते आणि वळणावर चपटी होते, मग पुन्हा हेच रडगाणं. तेलाला टिकणारी, आत कापडाचा थर असलेली रबरी नळी घ्या, जुना तुकडा दुकानात नेऊन आतला व्यास जुळवा. लांबी तेवढीच ठेवा, सायलेन्सरच्या बाजूने नेऊ नका. दोन्ही टोकांना बारीक पट्टीची क्लिप लावा. तार गुंडाळू नका, तार रबर कापते.