लोकलवर चालतं, लाईव्हवर रुसतं : तुमचे अनुभव

चकवाचांदण:
काल भाचीचा फोन. "मावशी, साईट माझ्या लॅपटॉपवर नीट दिसत होती गं, लाईव्ह म्हणजे नेटवर टाकली आणि फोटो दिसेना!" लगेच डिसेंबर २०१७ आठवला. तेव्हा आमच्या ऑफिसात झाडून सगळ्या लोकल (आपल्याच कॉम्प्युटरवर चालवून बघायच्या) साईट्सची नावं डॉट डेव्हवर संपायची. क्रोम ब्राउझरची ६३वी आवृत्ती आली आणि त्या एकदम एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) मागायला लागल्या. डॉट डेव्ह हे गूगलच्या मालकीचं खरंखुरं डोमेन आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. मग सगळे होस्ट्स फाईल (कुठलं नाव कुठल्या कॉम्प्युटरकडे न्यायचं ते लिहिलेली) उघडून डॉट टेस्ट करत बसले, ते मात्र चाचणीसाठीच राखीव आहे.
येऊ द्या तुमचेही किस्से. पासवर्ड तेवढे लिहू नका :)

खटपट्या:
भाची विंडोजवर आहे का? फोटोच्या फाईलचं नाव बघायला सांगा. विंडोजला कॅपिटल-स्मॉल सारखंच, लाईव्ह साईट ज्यावर असते त्या लिनक्स सर्व्हरला नाही.

चकवाचांदण:
तेच निघालं! फाईलच्या नावात लोगोचा एल कॅपिटल. धन्स.

ताकभात:
डम्प (डेटाबेसची मजकूर-फाईल) नोटपॅडमध्ये उघडून रिप्लेस ऑल मारणारे कोण कोण आहेत इथे? आमच्या एका नव्या पोराने वर्डप्रेसवरच्या साईटचा पत्ता असाच बदलला. साईट उघडली, पण विजेटं (पानावरचे छोटे चौकोन) गुल. सिरियलाईज्ड (एका ओळीत गुंडाळून ठेवलेल्या) डेटात प्रत्येक मजकुरासोबत त्याची लांबी लिहिलेली असते. पत्ता बदलला, आकडा जुनाच, म्हणून पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) ती अख्खी नोंदच वाचेना. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-टूलचं सर्च-रिप्लेस आकडासुद्धा सुधारतं. आधी ड्राय-रन (काही न बदलता नुसती तालीम) करा.

पोळपाट:
कणीक मळताना एका बोटाने टाईप करतेय. आमच्या सोसायटीच्या साईटचं तर भलतंच. स्टेजिंगवर (लाईव्हच्या आधीच्या चाचणी-साईटवर) 'सर्च इंजिनांना येऊ देऊ नका'वर टिक होती, डेटाबेस उचलून लाईव्हला टाकला, टिकही आली सोबत. सेक्रेटरी काका महिनोन्महिने विचारतायत, गूगलवर आपण का दिसत नाही!

कंदील:
@पोळपाट =)) काकांना नका सांगू.
लारावेलवाल्यांनो (पीएचपीत साईट बांधायचा सांगाडा), लाईव्हवर कॉन्फिग म्हणजे सेटिंग्ज कॅश केलंत (एकत्र साठवून ठेवलंत) की एन्व्ह फाईल (गुप्त कीज वगैरे ठेवायची) वाचलीच जात नाही. पेमेंटची की (गुप्त किल्ली) एका साईटने कंट्रोलरमधून (मागण्या हाताळणाऱ्या कोडमधून) थेट एन्व्ह()ने घेतलेली. लोकलवर पैसे कटतायत, लाईव्हवर की रिकामी. एन्व्ह() फक्त कॉन्फिग फोल्डरात वापरा, बाकी सगळीकडे कॉन्फिग(). डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, पण वाचतो कोण.

रानवारा:
ड्रुपल (वर्डप्रेससारखंच साईट चालवायचं सॉफ्टवेअर) ८ पासून कॉन्फिग यामल (साध्या मजकुराच्या) फायलींत निघतं, गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या टूलमध्ये) ठेवता येतं, सगळं झकास. पण शेठ लाईव्हवर ॲडमिनमध्ये जाऊन स्वतःच ब्लॉक (पानावरचा चौकोन) लावतात! पुढच्या डिप्लॉयला (नवा कोड लाईव्हवर चढवताना) आमच्या फायलींतलं कॉन्फिग इम्पोर्ट झालं आणि दिवाळी ऑफर पानावरून गायब. मजकूर डेटाबेसात शाबूत होता, पण ब्लॉक कुठे लावायचा ही नोंद कॉन्फिगमध्ये, ती उडाली. भर धनत्रयोदशीला. तेव्हापासून लाईव्हवर कॉन्फिग रीड-ओन्ली मॉड्यूल, ॲडमिनमधून सेटिंग्ज बदलूच देत नाही.

ताकभात:
धनत्रयोदशीला डिप्लॉय?? दंडवत घ्या.

रानवारा:
शेठच्याच हट्टापायी हो.

पोळपाट:
रीड-ओन्ली केल्यावर शेठ काही बोलले नाहीत?

रानवारा:
म्हणाले, "साईट हँग झालीय वाटतं." आता रोज फोन. चतुर्थीला लाल करा, एकादशीला पिवळी करा.

खटपट्या:
नवरात्रात नऊ डिप्लॉय मग. बिल लावा वेगळं.