डोनर म्हणून (दुसऱ्या गाडीतून काढून बसवायला) ट्रकचं 5.3 लिटरचं इंजिन घ्यावं की 6.0 चं?

मालवा४बाय४ (इंदूर): जुन्या जीपमध्ये शेव्हरोलेचं ट्रकवालं व्ही-८ बसवून वर सुपरचार्जर (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंप) लावायचाय. ब्लॉक लोखंडीच हवा. एलएम७ (5.3 वालं) घेऊ की एलक्यू४ (6.0 वालं)? घेताना काय तपासू?

पिस्टनपिन: रोजच्या गाडीला 5.3 पुष्कळ झालं. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं) 9.5 ला 1, म्हणून बूस्ट, म्हणजे सुपरचार्जरचा हवेचा दाब, 6-7 पीएसआयवर थांबवा. जास्त ताकद हवी तर एलक्यू४. एलक्यू९ (6.0 चाच दुसरा प्रकार) नको, त्याचं 10 ला 1 आहे, आपल्या पेट्रोलवर नॉक करेल (इंधन अवेळी पेटून ठोके मारेल). आधी व्हॉल्व्ह कव्हर काढून गाळ बघा, मग ऑइल फिल्टर कापून आतल्या कागदाच्या घड्या उलगडा. धातूचा चमकता कीस दिसला की इंजिन तिथेच सोडा. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नको.

रिंगगॅप: इंजिन उघडलंच तर टॉप रिंगचा गॅप (पिस्टनच्या वरच्या रिंगच्या दोन टोकांमधली फट) 5.3 ला 0.022 ते 0.024 इंच ठेवा. बूस्टमध्ये रिंग तापून फुगते, टोकं भिडतात आणि पिस्टनची कड तुटते. इंदूरच्या मे महिन्यात इंटरकूलरशिवाय (दाबलेली गरम हवा थंड करणारा भाग) चालवूच नका.

मालवा४बाय४: वायरिंगचं काय?

पिस्टनपिन: इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल (केबलऐवजी वायरने चालणारा) असेल तर पेडल, त्याचं मॉड्यूल, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि हार्नेस (वायरांचा जुडगा) एकाच गाडीचं उचला. अल्टरनेटर वगैरेचं ब्रॅकेटही ट्रकचंच मागवा. कारच्या पुलीची रांग वेगळी असते, बेल्ट उडतो. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली आरटीओची परवानगी इंजिन घ्यायच्या आधी.