शनिवारी रात्री कंडोम फाटलं, सोलापुरात कुठं दाखवू? प्लीज लवकर सांगा

होटगीरोडचा_पोरगा, सोमवार रात्री १०:३५

मी २२ वर्षांचा, सोलापूरचाच. असलं पहिल्यांदाच कुठं लिहायलोय, काय चुकलं तर समजून घ्या. मी गे आहे, घरी कुणालाच माहीत नाही. शनिवारी रात्री अकराच्या सुमारास एका मुलासोबत होतो, ॲपवरची ओळख, आधी दोनदा चहाला भेटलेलो. कंडोम वापरलं होतं पण जेल वगैरे काय नव्हतं म्हणून खोबरेल तेल लावलं आणि नंतर बघतो तर फाटलेलं. तो म्हणाला मला काय नाही रे, पण शेवटची टेस्ट कधी केली विचारलं तर गप्पच बसला. तेव्हापासून जेवण जात नाही, झोप नाही, आई विड्या वळता वळता दहादा विचारायली तोंड का उतरलंय, तिला काय सांगू. सिव्हिलला जायची भीती वाटती कारण गल्लीतली एक काकू तिथं कामाला आहे आणि त्या एचआयव्हीच्या लाईनीत बसलेलं कुणी बघितलं तर संपलंच सगळं. रविवारी सुट्टी आहे, सकाळची हुतात्मा धरून पुण्याला जाऊन टेस्ट करून आलो तर चालतंय का? तोपर्यंत थांबलं तर काय होतं का?

समुपदेशक_ताई, सोमवार रात्री १०:५२

रविवारपर्यंत अजिबात थांबू नकोस. बाकीचं नंतर वाच, आधी हे: एचआयव्ही होऊ नये म्हणून संपर्कानंतर गोळ्या घेता येतात, त्याला पेप म्हणतात, पण त्या ७२ तासांच्या आत सुरू व्हायला लागतात आणि जितक्या लवकर तितकं बरं. शनिवारी रात्री ११ म्हणजे तुझी वेळ उद्या मंगळवारी रात्री ११ ला संपते. उद्या सकाळी पहिलं काम हेच, जमलं तर आत्ताच कॅज्युअल्टीला जा, ती रात्रभर चालू असते. बहुतेक वेळा रोज एकच गोळी असते, २८ दिवस, एकही दिवस चुकवायचा नाही.

एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे तिथं गेल्यावर हिरमुसणार नाहीस. सरकारी दवाखान्यात पेप मुख्यतः सुई टोचलेल्या स्टाफसाठी आणि अत्याचार झालेल्यांसाठी ठेवलेली असते, त्यामुळं आढेवेढे घेतले तर तिथं वाद घालत वेळ घालवू नकोस, एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्राच्या, डॉक्टरांना भेटायचंय म्हण किंवा सरळ एखाद्या एमडी मेडिसिन डॉक्टरकडे जा. त्यांच्या चिठ्ठीवर गोळ्या बाहेर विकत मिळतात. डॉक्टरला नक्की काय झालं ते स्पष्ट सांग, मित्रासोबत होतो एवढंच म्हणून अर्धवट ठेवू नको, कुठल्या प्रकारचा संबंध आला त्यावर धोका किती ते ठरतं.

आता लाईनीचं. मी दुसऱ्या जिल्ह्यात आयसीटीसीमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या एचआयव्ही टेस्ट आणि समुपदेशनाच्या केंद्रात, बरीच वर्षं बसलेय. त्या बाकावर निम्म्याहून जास्त तर गरोदर बायका असतात, कारण प्रत्येक गरोदर बाईची एचआयव्ही टेस्ट होते, टीबीचे पेशंट पण तिथंच येतात. तुला तिथं बसलेलं बघून कुणाला काय कळणारे? टेस्ट फुकट आहे, तुझ्या संमतीशिवाय करता येत नाही आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं तुझा रिपोर्ट तुला न विचारता बाहेर सांगायला मनाई आहे, काकू असू दे नाहीतर कुणी. तरी अडलास तर १०९७ ला, एचआयव्हीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन लाव, फुकट आहे.

पंढरपूर_ते_पिंपरी, सोमवार रात्री ११:२०

भावा ताईंनी सांगितलंय ते तंतोतंत कर. मी सांगतो न केल्यावर काय होतं ते. मी २४ चा होतो, ताप येऊन गेलेला, अंगावर पुरळ, एका डॉक्टरला हिंमत करून सांगितलं की मी गे आहे तर ते म्हणाले लग्न करून टाक सगळं जागेवर येईल, टेस्टचं नाव पण काढलं नाही. त्यानंतर दीड वर्ष मी कुठल्याच दवाखान्याची पायरी चढलो नाही. वजन उतरलं, आई म्हणायची मेसचं जेवण सोसत नाही. शेवटी टेस्ट केली तेव्हा पॉझिटिव्ह. गोळ्या चालू होऊन सहा वर्षं झाली, रात्री जेवल्यावर एक, सरकारी सेंटरमधून फुकट. व्हायरल लोड म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण सापडत नाही इतकं खाली आहे आणि असं टिकून राहिलं की संबंधातून समोरच्याला एचआयव्ही जात नाही, हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं तेव्हा मी तिथंच रडलो होतो. नोकरी करतो, व्यायाम करतो, माझा जोडीदार निगेटिव्ह आहे. म्हणजे जरी उद्या काय उलटं निघालं तरी आयुष्य संपत नाही. पण मला त्या वेळी ७२ तासांचं कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं रे. उद्या जा.

आणि असलं लग्न करायला सांगणारा, बदलून देतो म्हणणारा डॉक्टर भेटला तर उठून ये. गे असणं बरं करतो म्हणून उपचार करणं २०२२ पासून डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरलेलं आहे. गे संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चं पण २०१८ मध्येच मिटलंय, दवाखान्यात खरं सांगितलं म्हणून तुझ्यावर केस होणार नाही.

होटगीरोडचा_पोरगा, सोमवार रात्री ११:४१

सकाळी जातो. पण टेस्ट निगेटिव्ह आली तर मग गोळ्या कशाला?

समुपदेशक_ताई, सोमवार रात्री ११:५०

उद्याची टेस्ट शनिवारच्या आधीचं सांगते, शनिवारचं नाही. इतक्या लवकर रक्तात दिसत नाही, म्हणून नंतर परत करायची, तीन महिन्यांनी तर नक्कीच, बाकीच्या तारखा ते देतील. सगळ्या टेस्ट होईपर्यंत कंडोमशिवाय नाही आणि रक्तदान नाही. सोबत गरमीची म्हणजे सिफिलिसची व्हीडीआरएल आणि कावीळ बी ची टेस्ट करून घे. कावीळ बी ची लस घेतली नसशील तर लगेच सुरू कर, तीन डोस असतात. सिफिलिसची जखम बऱ्याचदा दुखतच नाही त्यामुळं पोरं काही नाही म्हणून सोडून देतात, आणि ती पेनिसिलिननं बरी होते हे माहीतच नसतं.

खोबरेल तेल, व्हॅसलीन, क्रीम यातलं काहीही कंडोमवर नको, रबर काही मिनिटांत कमजोर होतं. मेडिकलमध्ये पाण्याचं बेस असलेलं जेल मिळतं तेच वापर. पुढं नियमित संबंध येत असतील तर रोज घ्यायच्या प्रेपच्या गोळीबद्दल पण डॉक्टरला विचार, ती एचआयव्ही होऊ नये म्हणून संबंधाच्या आधीच घ्यायची असते, आधी किडनी तपासून आणि मग दर तीन महिन्यांनी टेस्ट.

आणि आत्ता झोप लागत नसेल, डोक्यात नको ते येत असेल तर १४४१६ ला, मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन कर. मराठीत बोलता येतं, चोवीस तास.

होटगीरोडचा_पोरगा, मंगळवार रात्री ९:१५

गेलो. आयसीटीसीच्या बाकावर शेजारची बाई म्हणाली भाऊ जरा हे बाळ धरता का, चिठ्ठी काढून येते, आणि मी दहा मिनिटं बाळ घेऊन बसलो, त्यात भीती कुठं गेली कळलंच नाही. टेस्ट निगेटिव्ह. कावीळची लस सुरू केली. मग एका फिजिशियनकडे गेलो, सगळं सांगितलं, त्यांनी मान वर न करता ऐकून घेतलं आणि चिठ्ठी लिहिली. पहिली गोळी दुपारी सव्वाबाराला घेतली, अलार्म लावलाय. त्या मुलाला पण मेसेज केला, उद्या चल म्हणून. ताई, दादा, खरंच तुमच्यामुळं. आता एकच, डबी घरात कुठं ठेवू? आईला कपाट आवरायची सवय आहे.

पंढरपूर_ते_पिंपरी, मंगळवार रात्री ९:२८

लेबल सोलून टाक आणि कामाच्या सॅकमध्ये आतल्या चेनच्या कप्प्यात ठेव, मी दोन वर्षं तसंच केलं. पण गोळ्या दुसऱ्या डबीत काढू नको, त्या डबीत ओल धरणारी छोटी पुडी असती ती तशीच राहू दे, आणि झाकण घट्ट लाव.