मदत हवी आहे: मेपोलिझुमॅब आणि इओसिनोफिल पेशींची वाढ

माझ्या आईला तीव्र दम्यासाठी दर 4 आठवड्यांनी मेपोलिझुमॅबचे 100 मिलिग्रॅमचे इंजेक्शन दिले जाते. तिसऱ्या डोसनंतर तिची रात्रीची धाप थांबली आणि रक्ताच्या अहवालात इओसिनोफिलांचा (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा) आकडा 820 वरून 60 वर आला. हे औषध इंटरल्यूकिन-5 या प्रथिनाला बांधून ठेवते, त्यामुळे अस्थिमज्जेतील अपरिपक्व इओसिनोफिलांची वाढ पुरी होत नाही, एवढे मला समजले आहे. मात्र अशा मध्येच अडलेल्या पेशींचे पुढे काय होते, आणि रक्तात उरलेल्या मोजक्या पेशी जंतांच्या संसर्गाशी पूर्वीसारख्याच लढू शकतात का? आई आजही शेतात अनवाणी वावरते, म्हणून ही काळजी अधिक वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.