लॅमिन प्रोटीनचा आणि कॅन्सरचा नेमका संबंध काय?

मृद्गंध:
बीएस्सीला आहे. केंद्रकाला आतून लॅमिनच्या जाळीचा आधार असतो एवढं कळलं, पण ही जाळी बिघडली तर डीएनएची कॉपी का अडते? आणि गाठ वाढण्याशी तिचं काय देणंघेणं?

सह्यकडा:
नुसता आधार नाही ना ती! 1997 साली बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात प्रयोग झाला, एका टोकाला कापलेलं लॅमिन टाकल्यावर जाळी विस्कटली आणि कॉपी सुरू होऊन पुढे सरकेचना, कारण त्यासाठी लागणारं पीसीएनए प्रोटीन लॅमिनच्या गोळ्यांत अडकून पडलं. फार सुंदर प्रयोग आहे. दुसरं म्हणजे आरबी प्रोटीन, पेशी विभाजनाचा ब्रेकच म्हण, त्याला लॅमिन ए (लॅमिनचाच एक प्रकार) सांभाळून ठेवतं, ते गेलं की आरबी लवकर मोडीत निघतं.

निळीशाई:
मी लॅबमध्ये रोज पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींचे नमुने, बघते. चांगल्या पेशीचं केंद्रक लहान, कडा गुळगुळीत, बिघडलेल्या पेशीचं मोठं, गडद, कधी मनुक्यासारखं सुरकुतलेलं. सगळं लॅमिनमुळेच असं नाही हं. पण लॅमिन ए कमी झालं की केंद्रक मऊ पडतं, पेशी अरुंद फटीतून सहज निसटते, त्यात कधी केंद्रक फाटतं आणि डीएनए तुटतो. फक्त 'लॅमिन कमी म्हणजे कॅन्सर' असं पाठ करू नकोस, काही गाठींत ते वाढलेलंही असतं.

मृद्गंध:
प्रोजेरियाचं, म्हणजे लहानपणीच म्हातारपण आणणाऱ्या आजाराचं, जीन पण लॅमिनचंच का?

सह्यकडा:
हो, लॅमिन ए बनवणारं एलएमएनए, प्रोजेरियाचं कारण तेच हे 2003 मध्ये कळलं. तिथे डीएनएचं एकच अक्षर बदलतं आणि प्रोटीनचे 50 अमिनो आम्ल गळतात.