पेवाखालचं शहर

काल्पनिक शहराच्या गोष्टीत ओळखीचं गाव आलं की कल्पना लंगडी पडते, असं काल्पनिक शहरं रचायच्या आपल्या या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. मला अजिबात पटलं नाही. आमच्या सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं घ्या, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खोल खड्डे. पेवाचं तोंड उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नाही, जीव गुदमरतो. २००५च्या महापुरात त्यातली बरीच निकामी झाली. त्यावरून सुचलेलं हे शहर:

'पेवनगरात माणसं वर्षातून एकदाच श्वास घेतात, झाकण निघतं तेव्हा. तेवढ्यावर वर्षभराचं बोलणं भागवायचं. भांडण कुणालाच परवडत नाही. प्रेमात पडलेले मात्र दिवाळीआधीच गप्प होतात.'

हरिपूर पाहिलं नसतं तर हा श्वासाचा हिशेब सुचलाच नसता. मिरज-तासगावकरांनो, तुमचीही शहरं येऊ द्या.